ग्रीवा रोहिणीचे फाटे

मानेच्या दोन्ही अंगांस चार-चार मिळून आठ सिरामातृका असून त्यांस जखम झाली असता मृत्यू तत्काळ ओढवतो, असे सुश्रुताने 107 मर्मांची गणती करताना नमूद करून ठेवले आहे. आणि भूल, क्ष-किरण व रक्तपेढी ही साधने हाताशी असलेल्या आजच्या शल्यचिकित्सकासही त्या इशाऱ्याकडे काणाडोळा करता येत नाही. डॉक्टरमंडळी जिला कॅरॉटिड म्हणतात ती ग्रीवा रोहिणी श्वासनालाच्या बाजूने वर चढते व कंठमण्याच्या वरच्या काठाशी दुभंगते. पैकी अंतर्ग्रीवा रोहिणी मानेत एकही शाखा न देता सरळ मेंदूकडे जाते. बाह्य ग्रीवा रोहिणी मात्र आपल्या आठ शाखांनी कंठ, जीभ, चेहरा व मस्तकाचे आवरण यांचा योगक्षेम चालविते.

हे वर्णन म्हणजे बहुसंख्यांची जबानी होय. तीवरून प्रत्येक मानेचा निकाल देता येत नाही. दुभंगण्याची जागा कोणाच्या मानेत जबड्याच्या आडोशास सरकलेली असते, तर कोणाच्या बरीच खाली उतरलेली. अवटू ग्रंथीस रक्त नेणारी वरची शाखा पुष्कळदा फाट्यापासूनच अथवा त्याच्याही खालच्या मूळ रोहिणीपासून निघते; जिभेची व चेहऱ्याची शाखा पाच-सहा माणसांत एखाद्याच्या एकाच बुंध्यातून उगवते. गर्भावस्थेच्या आरंभी मानेच्या प्रदेशात रक्तवाहिन्यांच्या कमानींच्या जोड्या क्रमाने उत्पन्न होतात, त्यांतील काही विलय पावतात व तिसऱ्या जोडीतून ग्रीवा रोहिणी आकारास येते. या उलाढालीत एखादा दुवा लोपावयाचा तो टिकला किंवा टिकावयाचा तो लोपला, की हे फेरफार जन्मभर कायम होतात, आणि त्यांच्या धन्यास बहुधा त्यांचा पत्ताही नसतो.

पत्ता लागतो तो शस्त्र चालू लागल्यावर. लंडनच्या अ‍ॅस्टली कूपर यांनी रोहिणीच्या फुगवट्यावरील इलाज म्हणून 1805 साली ग्रीवा रोहिणी बांधली तेव्हा रोगी दगावला, आणि 1808 मधील दुसरा रोगी वाचला. तेव्हापासून ही रोहिणी बांधण्याचे धाडस शल्यविद्येच्या दप्तरी दाखल झाले. आज नाकातून किंवा मुखातून न थांबणारा रक्तस्राव आवरण्यासाठी प्रसंगी बाह्य रोहिणी बांधावी लागते, आणि तिच्याऐवजी चुकून अंतर्ग्रीवा बांधली गेली तर रोग्याचे अर्धांग लुळे पडण्याचे भय असते. बाहेरची ती पुढे व आतली ती मागे, हा शिरस्ता. पण काही मानांत त्यांची अदलाबदल झालेली असते. म्हणून जिला शाखा फुटते ती बाह्य, ही खूण विद्यार्थ्यांस शिकवितात. तथापि क्वचित अंतर्ग्रीवेसही मानेतच शाखा फुटलेली आढळते, तेव्हा एका शाखेवर विसंबून न राहता फाटा उघडा करून दोन्ही वाहिन्यांची खातरजमा केल्यावाचून गाठ मारू नये, हाच माझ्या मते एकमेव सुरक्षित मार्ग आहे. यात पाचदहा मिनिटे अधिक गेली, तर ती सत्कारणी लागली असेच समजावे.

तंबाखूच्या पायी मुखाच्या कर्करोगाचे रोगी आपल्याकडे विपुल असल्यामुळे या गोष्टीस येथे विशेष महत्त्व येते. 1941 साली सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत जबड्याचा अथवा जिभेचा दूषित भाग काढल्यानंतर ती पोकळी भरण्यासाठी मांडीचे किंवा हाताचे मांस त्याच्या रक्तवाहिन्यांसह आणून मानेतील रोहिणीच्या शाखेस सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. ज्या शाखेवर भिस्त ठेवावयाची तीच सामाईक बुंध्यातून निघालेली असून तो बुंधा आधीच बांधला गेला असेल, तर जोडकामासाठी दुसरी शाखा शोधण्याची पाळी येते; याकरिता शस्त्रक्रियेपूर्वीच रोहिणीचे चित्रण पाहून ठेवणे हिताचे.

सर्वांत फसवा प्रकार अंतर्ग्रीवेच्या वळणाचा. ती एरव्ही टॉन्सिलच्या मागे व बाहेरच्या अंगास सुमारे अडीच सेंटिमीटरवर असते. परंतु काहींच्या मानेत, विशेषतः उतारवयात, ती नागमोडी होऊन घशाच्या भिंतीस अगदी चिकटते. घशाच्या मागल्या बाजूस ठोके देणारा उंचवटा दिसला, तर गळू समजून तो कोणाकडून फोडून घेऊ नये, आणि घशाच्या कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी ही गोष्ट शल्यचिकित्सकाच्या कानावर अवश्य घालावी.