पहिली मोटार आणि पगारदाराचा हिशेब

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा मध्यमवर्गीय घरात मोटार हे आयुष्याच्या उत्तरार्धातील स्वप्न होते. आज नोकरीच्या पहिल्या वर्षातच, परवान्यावरील शाई वाळते न वाळते तोच, तरुणाला मोटार हवी असते. यात वावगे काही नाही. वावगे आहे ते हे, की किंमत विचारण्याऐवजी तो हप्ता विचारतो, आणि विक्रेत्यालाही नेमके तेच हवे असते.

हप्त्याचे गणित फसवे आहे. पाच लाखांचे कर्ज दरसाल ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ८,०४५ रुपये पडतो. तीन वर्षांत फेडायचे तर तो १५,९०० होतो. साहजिकच पहिला आकडा सुसह्य वाटतो. परंतु त्यात व्याजापोटी पावणेदोन लाखांहून अधिक जातात, दुसऱ्यात सुमारे ७२ हजार. जो पंधरा हजारांचा हप्ता भरू शकत नाही, त्याला वस्तुतः ती गाडीच परवडत नाही, हे कटू असले तरी खरे आहे. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर ११ टक्के वाहनकर आणि तीन वर्षांचा सक्तीचा तृतीय पक्ष विमा हे वेगळेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हा दिलासा खरा. पण पहिल्या काही वर्षांतला जबर घसारा त्याने टळत नाही.

नवशिक्याच्या हातून गाडी खरचटणारच. ते ओरखडे कर्जाच्या कोऱ्या मोटारीवर उमटण्यापेक्षा रोखीने घेतलेल्या जुन्या, लहान मोटारीवर उमटलेले बरे. मात्र 'जुनी' याला मर्यादा हवी. चाके जखडू न देणारी एबीएस ही ब्रेक-यंत्रणा एप्रिल २०१९ पासून आणि पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग जानेवारी २०२२ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीच्या झाल्या. त्याआधीची गाडी चाळीस-पन्नास हजारांनी स्वस्त मिळाली, तरी कोवळ्या हातांसाठी ती काटकसर करू नये.

गाडी पाहावयास सकाळी जावे व इंजिन थंड असतानाच सुरू करावयास लावावे. 'तुमच्यासाठी गरम करून ठेवली' असे मालक म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला पाहिल्याविना पैसे देऊ नयेत. नो क्लेम बोनस हा मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तेव्हा विम्याचा पुढचा हप्ता वाढणार हे गृहीत धरावे. आणि चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करून घ्यावा. एरवी पहिल्याच धडकेनंतर स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा विमा कंपनी फेटाळू शकते.