खासदारांचं पत्र आणि अध्यक्षांची सही

नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात एखाद्या समाजभवनावर किंवा प्रवासी निवाऱ्यावर ‘खासदार स्थानिक विकास निधीतून’ अशी फरशी दिसली, तर जरा थांबून नीट वाचा. कामाचं नाव, रक्कम, वर्ष, खासदारांचं नाव, सगळं तिथं असतं. मग हे पैसे खासदारांनी दिले का? नाही! एक रुपयाही त्यांच्या हातात येत नाही. खासदार फक्त शिफारस करतात; २०२३ पर्यंत ती पत्राने जाई. ती नागपूरला जिल्हाधिकारी कार्यालयात पोचते. काम नियमात बसतं का ते तपासतात, अंदाजपत्रक होतं, प्रशासकीय मान्यता मिळते आणि एखादी सरकारी यंत्रणा काम हाती घेते. एका शिफारशीतून सिमेंटची भिंत उभी राहते!

ही योजना संसदेत जाहीर केली पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांनी, २३ डिसेंबर १९९३ रोजी. हेच राव १९८४ आणि १९८९ मध्ये रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले होते, आणि आजचं कुही उमरेड विधानसभेमार्फत त्याच रामटेक लोकसभा मतदारसंघात येतं. सुरुवातीला खासदारामागे ५ लाख रुपये होते. पुढच्याच वर्षी १ कोटी झाले, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी.

खरी गंमत पुढे आहे. एवढा पैसा खर्च होतो, तर त्यामागचा कायदा कुठे आहे? ‘खासदार निधी अधिनियम’ असं काही नाहीच! योजना चालते सरकारी मार्गदर्शक सूचनांवर. हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१० मध्ये घटनापीठाने निकाल दिला की संसद दरवर्षी विनियोजन कायदा करून हा पैसा मंजूर करते, तेवढा आधार पुरेसा आहे. त्याआधी २००७ मध्ये वीरप्पा मोईलींच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने योजना बंदच करा म्हटलं होतं. सरकारच्या खर्चावर नजर ठेवणाऱ्यानेच खर्च सुचवला, तर नजर ठेवायची कोणी? मला हा आक्षेप फार वजनदार वाटतो. पण ज्या गावाला त्या पत्रामुळे बोअरवेल मिळाली, त्याला तो पटवणं अवघड आहे, हेही तितकंच खरं.

आता अमेरिकेत चला. तिथले खासदारही आपापल्या भागासाठी रकमा राखून ठेवत. त्यांना इयरमार्क म्हणतात. तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी २००७ च्या भाषणात सांगितलं की यातले नव्वद टक्क्यांहून अधिक इयरमार्क सभागृहासमोर कधी येतच नाहीत, ते समित्यांच्या अहवालांत असतात. विचार करा, ज्यावर मतदानच झालं नाही अशा मजकुरावर सरकारी खाती पैसे खर्च करत होती! अध्यक्षांनी नकाराधिकार वापरून तेवढं कलम खोडावं, तर तशी सोय नाही. अख्खं विधेयक स्वीकारा नाहीतर नाकारा. ताटातली फक्त मिरची बाजूला काढता येत नाही, ताटच परत पाठवावं लागतं. १९९६ मध्ये तशी सोय कायद्याने केली होती, पण १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

मग कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षात, २९ जानेवारी २००८ रोजी, बुश यांनी वेगळीच वाट काढली. त्यांनी खात्यांना आदेश दिला: जे कायद्याच्या मजकुरात नाही, ते मानू नका. किती साधी युक्ती! कायदा बदलायचा नाही, फक्त कायदाच वाचायचा. पण आदेश लागू होणार होता पुढच्या विधेयकांना, आणि त्या वर्षीचा मोठा खर्च मंजूर झाला मार्च २००९ मध्ये, हजारो इयरमार्कसह. तोवर बुश घरी गेले होते. सही नवे अध्यक्ष ओबामा यांची होती. २०११ मध्ये शेवटी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, स्वतःच हे थांबवलं.

आपल्याकडे? ६ एप्रिल २०२० रोजी, कोविडच्या काळात, केंद्रीय मंत्रिमंडळाच्या एकाच बैठकीत खासदार निधी दोन वर्षांसाठी थांबला. सुमारे ७,९०० कोटी रुपये भारताच्या संचित निधीत वळवायचे ठरले. योजनेला स्वतंत्र कायदा नव्हता, म्हणून थांबवायलाही कायदा लागला नाही! ज्या उणिवेवरून योजना न्यायालयात गेली होती, तिच्यामुळेच ती इतक्या सहज थांबली.

आणि २०२१ मध्ये काय व्हावं? दोन्ही देशांत एकाच वर्षी हा पैसा परतला. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात तो ‘सामुदायिक प्रकल्प निधी’ अशा नव्या नावाने आला, तर आपल्याकडे नोव्हेंबरमध्ये, आर्थिक वर्षाच्या उरलेल्या काळासाठी खासदारामागे २ कोटी. पुढच्या वर्षापासून पुन्हा ५.