परवाना राज्याचा, भार शहराचा

१ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाचा आणि त्यांचे आरोग्य व अबकारी मंत्री डॉ. गिल्डर यांचा हा निर्णय. दारूबंदीने अबकारीचे उत्पन्न बुडणार होते. ती तूट भरण्यासाठी प्रांतिक सरकारने शहरी स्थावर मालमत्तेवर नवा कर बसवला. मुंबईत त्याचा दर वार्षिक भाडेमूल्याच्या १० टक्के होता. महापालिकेची घरपट्टीही याच इमारतींवर आणि याच भाडेमूल्यावर आकारली जात होती. म्हणजे धोरण प्रांताचे, पण त्याची किंमत शहराच्या हक्काच्या उत्पन्नस्रोतातून वसूल झाली. नोव्हेंबर १९३९मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि दारूबंदीही पुढे सैल पडली. कर मात्र स्वातंत्र्यानंतरही वसूल होत राहिला. दारूचा निर्णय एकाने घ्यावा आणि तो दुसऱ्याने निस्तरावा, ही घडी तेव्हा बसली. ती आजतागायत मोडलेली नाही, असे माझे मत आहे.

१९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्याचे सर्व अधिकार राज्याकडे ठेवले. पुढे बंदी सैल झाली, परमिट रूम आले, बिअर बार आले. परवाना शुल्क आणि उत्पादन शुल्क राज्याच्याच तिजोरीत जमा होत राहिले. शहराच्या हाती एक वाट उरली होती, ती जकातीची. नाक्यावरून येणाऱ्या इतर मालासारखी दारूवरही जकात लागे आणि ते पैसे थेट पालिकेला मिळत. १९९९मध्ये नगरपालिकांची जकात गेली. मुंबई सोडून इतर महापालिकांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही १ ऑगस्ट २०१५पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला. १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर मुंबईची जकातही संपली. इथे एक विसंगती पाहण्यासारखी आहे. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर ठेवली गेली, कारण राज्यांना तिचे उत्पन्न सोडायचे नव्हते. म्हणून राज्याने दारूवरचा मूल्यवर्धित कर आणि उत्पादन शुल्क राखले. महापालिकांना मात्र गेलेल्या करांपोटी दरवर्षी ८ टक्के वाढीची भरपाई मिळू लागली. ही रक्कम वेळेवर मिळते तेव्हा उपयोगी पडते. पण ती वरून येते, आणि शहरात किती दुकाने चालतात याच्याशी तिचा काही संबंध नाही.

त्याच वर्षी महामार्गांचा प्रश्न पेटला. १५ डिसेंबर २०१६च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. १ एप्रिल २०१७पासून ती अमलात आली. दारू पिऊन गाडी चालवल्याने होणारे मृत्यू, हे न्यायालयाचे कारण. त्यावर अनेक राज्यांनी काढलेली पळवाट अशी, की शहरातल्या रस्त्याचा महामार्ग हा दर्जाच काढून घ्यायचा. चंडीगडने ते केले. महाराष्ट्रातही जळगाव, लातूर, यवतमाळसारख्या शहरांतले रस्ते स्थानिक संस्थांकडे सोपवण्याच्या हालचाली झाल्या. दुकान वाचले की राज्याचा महसूल वाचतो, पण खड्डे बुजवायची जबाबदारी पालिकेच्या गळ्यात पडते. ११ जुलै २०१७ला न्यायालयाने पालिका हद्दीतल्या दुकानांना ही मनाई लागू नसल्याचे स्पष्ट केले, त्यामुळे रस्ते फिरवण्याची गरज उरली नाही. पण राज्याने कोणता हिशेब आधी मांडला, हे त्या काही महिन्यांत उघड झाले होते.

दारूच्या महसुलात शहराला वाटा द्या म्हटले की पहिला आक्षेप येतो: मग नगरसेवकच दारूची दुकाने वाढवतील. आक्षेप रास्त आहे, आणि वाटा दुकानागणिक दिला तर तो खराही ठरेल. म्हणून वाटा लोकसंख्येवर आणि पालिकेच्या रस्त्यांच्या लांबीवर ठरावा. म्हणजे नवे दुकान आले म्हणून त्या शहराला वेगळा पैसा मिळणार नाही. शिवाय महसुलाचा मोह आजही आहेच. फरक एवढाच की तो राज्याला होतो, आणि राज्याला दुकानाच्या गल्लीतली भांडणे आणि पालिका दवाखान्यातली गर्दी सोसावी लागत नाही. दुसरा आक्षेप घटनेचा. मद्य हा राज्यसूचीतला विषय आहे, हे खरे. पण कलम २४३-एक्सनुसार राज्याला आपले कर आणि शुल्क पालिकांना नेमून देता येतात, आणि बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य व रस्ते ही पालिकांचीच कामे म्हणून नोंदलेली आहेत. काम सोपवायचे आणि त्यासाठीचा पैसा रोखून धरायचा, हे या तरतुदी आणणाऱ्या घटनादुरुस्तीच्या हेतूला धरून नाही.

पैशाइतकाच नकाराचा हक्क महत्त्वाचा. राज्याच्या २००८च्या आदेशाने प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांना दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदानाची मागणी करता येते आणि ‘आडवी बाटली’, म्हणजे बंदीची बाजू, जिंकली तर दुकान बंद होते. बायकांनी लढून मिळवलेला हा हक्क मला फार मोलाचा वाटतो. पण जिंकण्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. आमदार निवडायला अशी अट नाही. शहरी प्रभागात यादीतली कितीतरी नावे स्थलांतरितांची आणि मृतांचीही असतात. ती सगळी आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली जातात. ही अट बदलायला घटनादुरुस्ती नको, राज्याचा एक सुधारित आदेश पुरतो.