तापाचे नाव आणि तापलेले मूल

पावसाळा सुरू होऊन शाळा आणि बालवाड्या उघडल्या की दोन-तीन आठवड्यांतच आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात आणि कार्यालयात एक विषय हटकून निघतो. कोणाच्या मुलाचा ताप उतरत नाही, कोणाच्या मुलीच्या तळहातांवर पुरळ उठले आहे, कोणाचे बाळ रात्रभर खोकत होते. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत जागरण दिसत असते आणि बोलण्याचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो : "डॉक्टर म्हणतात, व्हायरल आहे." हे वाक्य समाधानाने उच्चारलेले मी क्वचितच ऐकले आहे. ‘व्हायरल’ म्हणजे डॉक्टरांना नेमके काही कळले नाही, अशी आपली समजूत झाली आहे. आईबापांना तापाचे नाव हवे असते. नाव कळले की आजार निम्मा आवाक्यात आला, असे वाटते.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. परंतु अपुऱ्या माहितीच्या आधारे निर्णय कसे घेतले जातात, हा अर्थशास्त्राच्याही अभ्यासाचा विषय आहे. आणि मध्यरात्री तापलेले मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईबापांइतकी अपुरी माहिती क्वचितच कोणाकडे असते. शिवाय हा लेख लिहिण्यामागे एक अनुभव आहे, आणि तो माझ्या फारसा भूषणावह नाही.

काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आमच्या चार वर्षांच्या मुलाला ताप आला. दुसऱ्या दिवशी तळहात, तळपाय आणि तोंडाभोवती बारीक फोड दिसू लागले. गोवर म्हणावा की कांजिण्या, यावर घरात खल सुरू झाला. आईने मीठमोहरी उतरवून टाकली. मी माझ्या सवयीप्रमाणे कागदावर एक तक्ता आखला : एका बाजूला लक्षणे, दुसऱ्या बाजूला आजारांची नावे. मध्यरात्र उलटेपर्यंत आम्ही पतिपत्नी खुणा करीत होतो. सकाळी डॉक्टरांनी मुलाच्या तोंडात एकदा पाहिले आणि सांगितले की, हा हात, पाय व तोंडाला फोड येणारा विषाणूचा आजार आहे, यावर खास औषध नाही, आठवडा-दहा दिवसांत तो आपला आपण बरा होईल. मग त्यांनी विचारले, "शेवटची लघवी केव्हा झाली?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. तोंडातील फोडांमुळे मूल आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा घोटही घेत नव्हते. त्याची जीभ कोरडी पडली होती आणि ते रडत होते, पण डोळ्यांत पाणी येत नव्हते. माझ्या तक्त्यात या गोष्टीसाठी रकानाच नव्हता. त्या दिवशी दवाखान्यातच बसून चमच्या-चमच्याने क्षारसंजीवनीचे पाणी पाजावे लागले. नावाच्या शोधात आम्ही मुलाकडेच पाहायचे विसरलो होतो.

नाव कोठे उपयोगी, कोठे निरुपयोगी

याचा अर्थ नाव निरुपयोगी असते, असा नाही. गोवर, कांजिण्या, गालगुंड हे शब्द आपल्या भाषेत पिढ्यान् पिढ्या आहेत, कारण हे आजार डोळ्यांना ओळखता येतात. गोवरात तीन-चार दिवस ताप, खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे असतात. मग कानामागे व चेहऱ्यावर पुरळ उमटून खाली अंगभर पसरते. कांजिण्यांत एकाच वेळी काही पुटकुळ्या नव्या, काही पाण्याने भरलेल्या, काही खपली धरलेल्या अशा दिसतात. गोवराची शंका येताच सांगितले पाहिजे, कारण त्यावरून आरोग्य खात्याला लसीकरणातील उणीव कोठे राहिली ते कळते. २०२२ साली मुंबईत गोवंडी भागात गोवराने बालके दगावली. लस उपलब्ध असतानाही ती प्रत्येक मुलापर्यंत पोचलेली नव्हती, याची ती कठोर आठवण होती. डेंग्यूची शंका असेल तर रक्ताची तपासणी हवी आणि ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन ही औषधे टाळली पाहिजेत. कांजिण्या आणि फ्लू यांतही मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, हे आता सर्वमान्य आहे.

परंतु लहान मुलांच्या बहुसंख्य तापांना असा चेहरा नसतो. नुसत्या पडशाला कारण होणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. निरोगी लहान मुलालाही वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होऊ शकतो. यांतील प्रत्येक वेळी विषाणूचे नाव शोधणे डॉक्टरांनाही शक्य नसते आणि त्याची गरजही नसते, कारण उपचार तोच : विश्रांती, भरपूर पातळ पदार्थ, ताप फार असेल तर वजनाच्या प्रमाणात पॅरासिटामॉल, आणि मुलावर लक्ष. शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे जंतुनाशक औषध हवेच, ही समजूतही खरी नाही.

नुसत्या नावाने काय साधते, याचे एक उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. नागपूरजवळील चांदीपुरा या गावाच्या नावाचा विषाणू पुण्याच्या शास्त्रज्ञांनी १९६५ साली शोधून काढला. वाळूमाशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूने २००३ साली आंध्र प्रदेशात व महाराष्ट्रात, आणि २०२४ साली गुजरातेत बालकांचे बळी घेतले. नाव इतक्या वर्षांपासून ठाऊक असूनही त्यावर खास औषध नाही. तापाबरोबर मूल गुंगीत जाऊ लागले किंवा झटके आले, तर काही तासांच्या आत मोठे रुग्णालय गाठणे, एवढेच आईबापांच्या हाती असते. त्या वेळी घरात कोणाला ‘चांदीपुरा’ हा शब्द ठाऊक असण्यापेक्षा ‘हे मूल नेहमीसारखे जागे होत नाही’ हे ओळखता येणे अधिक मोलाचे.

गडचिरोलीचा धडा

हे ओळखणे शिकता येते, याचाही पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील आरोग्यसेवकांना व सुईणींना बालकांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले, आईबापांनाही त्याची लक्षणे समजावून दिली. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू लक्षणीयरीत्या घटले होते. तेथे कोणी जंतूचे नाव विचारीत नव्हते. मुलाचे श्वास मोजत होते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास होत असतील, तर मूल विलंब न लावता दाखवले पाहिजे. मूल शांत असताना सेकंदकाट्याच्या घड्याळासमोर पूर्ण मिनिटभर बसण्यापलीकडे याला काही लागत नाही.

अशा खुणा फार नाहीत. श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, सहा-आठ तास लघवी न होणे, काहीच न पिणे किंवा प्यायलेले सारे उलटून पडणे, गुंगी, झटके, ओठ निळसर होणे, दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके : यांपैकी एकही दिसले तर वाट पाहू नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तरी तेवढेच कारण पुरेसे आहे. आणि डेंग्यूत ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये. पोटदुखी, सततच्या उलट्या, रक्तस्राव हा धोका नेमका तेव्हाच उद्भवतो.

बाटलीची किंमत, शब्दाची किंमत

आता माझ्या विषयाकडे वळतो. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, वैद्यकीय सेवा ही इतर वस्तूंसारखी नसते. येथे विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, आणि व्यवहार विश्वासावर चालतो. हा विश्वास मोजायला आपल्याकडे काही साधन नसल्याने आपण बाटली मोजतो. फी देऊन ‘औषधाची गरज नाही, परवा पुन्हा दाखवा’ एवढेच ऐकून परतलो, तर फसल्यासारखे वाटते. हातात प्रतिजैविकाची बाटली आली की पैसे वसूल झाले, असे वाटते. विषाणूवर प्रतिजैविकाचा परिणाम होत नाही. तरी ते मागितले जाते, दिले जाते, आणि ताप उतरताच अर्धी बाटली पुढच्या वेळेसाठी फडताळात ठेवली जाते. असल्या अर्धवट वापराने जंतू निर्ढावतील, हा इशारा पेनिसिलिनचे जनक फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच दिला होता. २०१४ पासून काही प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंदवही ठेवणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक आहे. परंतु आईबापांची मागणी नोंदवहीने कमी होत नाही. या व्यवहाराचा खर्च घेणारा आणि देणारा दोघेही भरीत नाहीत. तो उद्या खऱ्याखुऱ्या जिवाणूंच्या आजाराने पडलेल्या दुसऱ्याच कोणाच्या मुलावर पडतो.

तथापि सारा दोष आईबापांच्या अज्ञानावर ढकलणे अन्यायाचे होईल. आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाई डॉक्टरांकडे ‘लवकर उतरेल असे औषध’ मागतात, कारण एका दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. ‘तीन दिवस घरी ठेवून लक्ष द्या’ हा सल्ला पगारी रजा असणाऱ्यालाच परवडतो. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून बालसंगोपन रजा आहे. शेतात, बांधकामावर आणि घरोघर राबणाऱ्या स्त्रीला अशी काही सोय नाही. मग सकाळी पॅरासिटामॉल पाजून मूल बालवाडीत पोचवले जाते, आणि दुपारपर्यंत विषाणू आणखी चार घरी जातो. ज्याला आपण निष्काळजीपणा म्हणतो, तो पुष्कळदा रजेचा अभाव असतो.

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक शाळेने व बालवाडीने जूनमध्येच धोक्याच्या खुणांचा एक कागद मराठीत छापून घरोघर द्यावा. आजारी मुलाच्या गैरहजेरीबद्दल शिक्षकांनी जाब विचारू नये. डॉक्टरांनी ‘व्हायरल आहे’ एवढ्यावर न थांबता कशावर लक्ष ठेवायचे आणि केव्हा परत यायचे, हे दोन ओळींत लिहून द्यावे. आणि आपण त्या दोन ओळींची फी खुशीने द्यावी. घरकामाला येणाऱ्या बाईंचे मूल आजारी असेल, तर त्या दिवसाची मजुरी कापू नये. हे तर सरकारवर न सोपवता आपल्यापैकी प्रत्येकाला उद्यापासून करता येण्याजोगे आहे.

आमच्या घरी आता तक्त्याऐवजी एक वही आहे. मुलाला ताप आला की तिच्यात वेळ, ताप, किती प्याला, लघवी केव्हा झाली आणि मिनिटाला श्वास किती, एवढेच लिहिले जाते. आजाराच्या नावाचा रकाना वहीत आहे, पण तो बहुतेक वेळा कोराच राहतो. त्याचे आता आम्हाला काही वाटत नाही.