सातपुड्यातून सतलजपार

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास चंदन नदीच्या काठी रामपायलीची जत्रा भरते आणि वारासिवनीच्या, कटंगीच्या, खाली तिरोडा-तुमसरच्या बाजूच्या खेड्यांतून माणसे राममंदिराच्या पायऱ्या चढू लागतात, तेव्हा त्यांच्यात कोणी मराठी बोलत असतो, कोणी पोवारी, कोणी हिंदी. आणि या तीनही भाषा एकाच ओट्यावर सुखाने नांदाव्यात अशी वसाहत ज्या राजसत्तेच्या अंमलात वाढली, ती नागपूरकर भोसल्यांची सत्ता. कटकच्या स्वारीत चाकरी केलेल्या पोवारांना भोसल्यांनी वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनी दिल्या, त्यांनी तळी बांधली आणि धानाची शेती वाढवली. बालाघाट हा स्वतंत्र जिल्हा 1867 सालचा. त्यापूर्वी आणि त्यानंतरही या मुलुखाचे मन नागपूरकडे तोंड करून बसलेले होते. त्यामुळे भोसल्यांच्या घराण्यातील शेवटच्या झुंजार राजाची कथा आमच्याकडे सांगावयाची म्हणजे परक्याची कथा सांगण्यासारखे नव्हे. मात्र ती कथा सामान्यतः सीताबर्डीच्या टेकडीपाशी संपते. मला जी सांगावयाची आहे ती तेथून पुढची आहे : राज्य गेलेल्या, डोक्यावर इनाम लागलेल्या एका तरुण माणसाने सातपुड्याच्या रानातून निघून, वेष पालटून, हिमालयाच्या पायथ्याच्या परराज्यांपर्यंत केलेल्या अकरा वर्षांच्या भटकंतीची.

मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसले यांच्याविषयी गौरवाने लिहिणे सोपे नाही. दुसऱ्या रघूजीनंतर गादीवर आलेला दुर्बल परसोजी 1817 च्या फेब्रुवारीत आपल्या अंथरुणात मृतावस्थेत सापडला, तेव्हा आप्पासाहेब चांद्याला होते. पण त्या मृत्यूचा संशय त्यांना आयुष्यभर सोडून गेला नाही, आणि तो निराधार होता असे म्हणण्यास मी धजत नाही. 1816 च्या मे महिन्यात तैनाती फौजेचा तहनामा त्यांनीच कारभारी या नात्याने पत्करला होता. पुढे त्याच तहाचा जाच असह्य होऊन 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 रोजी सीताबर्डीवर लढाई झाली. ती हरल्यावर आणि डिसेंबरात रेसिडेंट जेंकिन्सच्या स्वाधीन झाल्यावर, जानेवारीत नर्मदाकाठचा मुलूख, वऱ्हाड, गाविलगड सोडून देण्याच्या अटीवर गादी परत मिळाली. मार्चमध्ये पुन्हा नजरकैद आली, कारण पेशवा बाजीरावाशी आणि गोंड जमीनदारांशी चाललेला पत्रव्यवहार उघडकीस आला. इतक्या उलथापालथी ज्याच्या वाट्याला आल्या, त्या राजाचे वय तेव्हा बाविशीच्या आसपास होते, ही गोष्ट त्याच्यावर निकाल देणाऱ्यांनी ध्यानात घेतलेली मला फारशी दिसत नाही.

मे 1818 च्या आरंभी कॅप्टन ब्राऊनच्या पहाऱ्यात त्यांना प्रयागच्या किल्ल्याकडे रवाना करण्यात आले. जबलपूरच्या वाटेवर रायचूर नावाचे गाव लागते (कर्नाटकातले प्रसिद्ध रायचूर ते हे नव्हे). तेथे 12 मेच्या रात्री पहाऱ्यावरील काही शिपायांना फितूर करून, त्यांच्यासारखाच शिपायाचा पोशाख अंगावर चढवून, कैदी छावणीबाहेर पडला. पलंगावर पांघरुणाखाली उशी ठेवलेली होती आणि दोन सेवक त्या उशीचेच पाय चेपीत बसले होते. आत डोकावून पाहणाऱ्या अंमलदाराला राजेसाहेब निद्रिस्त असल्याची खात्री पटली आणि पळालेल्यांना रात्रीचे अमोल तास मिळाले. कंपनी सरकारने मोठ्या इनामाचा जाहीरनामा काढला. तो जाहीरनामा आणि ती उशी या दोहोंच्या मध्ये राजाचा यात्रिक झाला.

तेथून ते गेले हरईच्या गोंड जमीनदाराकडे, चैनशाहाकडे, आणि पुढे महादेवाच्या डोंगरात. विदर्भातील वाचकाला हा डोंगर निराळा सांगावयास नको. महाशिवरात्रीला चौरागडावर खांद्यावरून त्रिशूळ वाहून नेणारे आणि नागपंचमीला नागद्वारच्या कपारींतून सरपटत जाणारे जे हजारो यात्रेकरू, त्यांत वैनगंगा-वर्धेकडचे मराठी भाविक आजही मोठ्या संख्येने असतात. पंधरा-वीस किलोंचे ओझे पाठीशी बांधून चढणे म्हणजे काय, हे त्यांना गिर्यारोहणाचा शब्दही न उच्चारता ठाऊक आहे. पचमढीचा ठाकूर मोहनसिंग याने आप्पासाहेबांना आश्रय दिला. पठाराच्या कडेला दऱ्या सरळ तुटलेल्या, धूपगडाची उंची साडेतेराशे मीटर, वाटा अशा की तोफ तर राहोच, पण ओझे लादलेला बैलही माणसाने मागून रेटल्यावाचून चढू नये. पावसाळ्यात हिवताप, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई. आणि वाटेची माहिती केवळ गोंड-कोरकूंच्या पायांना. कंपनीच्या नकाशावर हा प्रदेश तहनाम्याने ताब्यात आलेला होता, परंतु त्या कागदाला रानात काही किंमत नव्हती, आणि ज्याच्यापाशी द्यावयास राज्य उरले नव्हते अशा राजाला तेथल्या माणसांनी एक सबंध पावसाळा आणि हिवाळा जपला.

त्या काळात खाली मैदानात जे घडत होते त्याचा वणवा पुष्कळ दूरवर पसरला. जुलै 1818 मध्ये तापीच्या उगमाजवळ, मुलताईच्या परिसरात, कॅप्टन स्पार्क्सची तुकडी अरब आणि गोंडांच्या जमावाने निःशेष केली. आमच्या बाजूला कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल आप्पासाहेबांच्या नावाने उठला. हा कामठा म्हणजे नागपूरजवळची छावणीची कामठी नव्हे. तो गोंदियाच्या उशाशी आहे, रामपायलीपासून बैलगाडीच्या पल्ल्यात. सप्टेंबरात कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठ्याची गढी हल्ला करून घेतली. आमच्या भागातील ज्या खेडुतांना लढाईशी कर्तव्य नव्हते त्यांनी त्या वर्षी धानाचा हंगाम कोणत्या मनःस्थितीत काढला असेल, याचा विचार इतिहासाच्या पुस्तकांनी केलेला नाही. पण जमीनदाराने जाणे आणि राजाने रानात असणे यांचा अर्थ रयतेच्या दृष्टीने एकच होता, सारा कोणाला भरावयाचा हे न समजणे. तिकडे नागपुरात 26 जून रोजी दुसऱ्या रघूजीच्या मुलीचा मुलगा बाजीबा यास तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसविण्यात आले होते आणि राज्याची सूत्रे जेंकिन्सने आपल्या हाती घेतली होती.

1819 च्या फेब्रुवारीत कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजा डोंगरात शिरल्या. चैनशाहा पकडला गेला. आप्पासाहेब पेंढाऱ्यांचा पुढारी चितू याच्यासह पश्चिमेकडे निसटले आणि असीरगडाशी आले. शिंद्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड याने त्यांना आत घेतले, चितूला मात्र घेतले नाही. पुढे थोड्याच दिवसांत चितू रानात वाघाच्या तोंडी गेला. त्याच्या घोड्याच्या खोगिरात आप्पासाहेबांची पत्रे सापडली, भावी काळात इनाम देण्याची वचने देणारी. कंपनीचा अंमलदार माल्कम याने नोंदलेला हा तपशील मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा वाघापेक्षा त्या पत्रांपाशीच माझे मन थांबते. ज्याच्यापाशी रात्रीच्या मुक्कामाचा भरवसा नाही असा मनुष्य शाई-कागद मिळवून, मोहोर उमटवून, जहागिरींची आश्वासने लिहीत होता आणि घेणारा ती जपून ठेवीत होता.

असीरगडाला वेढा पडला आणि 9 एप्रिल रोजी गड कंपनीच्या हाती आला, तेव्हा आत आप्पासाहेब नव्हते. फकिराच्या वेषात ते अगोदरच बऱ्हाणपूरकडे निघून गेले होते. त्या काळी उत्तर हिंदुस्थानातील वाटांवर बैरागी, गोसावी, फकीर यांची अखंड रहदारी असे. त्यांना कोणी परवाना विचारीत नसे, धर्मशाळा आणि मठ त्यांच्यासाठी उघडे असत, आणि अंगावरील राख किंवा कफनी हाच त्यांचा दाखला असे. राजवाड्यात वाढलेल्या माणसाने ती चाल, ते बोलणे, ते मागून खाणे किती लवकर आत्मसात केले असेल! मराठीत अशा अशांततेतील पायी प्रवासाचे अमर पुस्तक पुढे वरसईच्या विष्णुभट गोडशांनी लिहिले. सत्तावनच्या धामधुमीतून ते घरी परतले आणि उतारवयात सारे लिहून ठेवते झाले. आप्पासाहेबांना परत येण्याला घरच उरले नव्हते.

त्यांनी जी दिशा धरली तिच्यामागे स्पष्ट राजकीय अक्कल होती. 1809 च्या अमृतसरच्या तहाने सतलज ही कंपनी आणि रणजितसिंह यांच्यामधील सरहद्द ठरली होती. नर्मदेपासून यमुनेपर्यंत, आणि गुरख्यांच्या युद्धानंतर सतलजच्या अलीकडच्या पहाडी संस्थानांतही, कंपनीचा शब्द चालत होता. नदीच्या पलीकडे तो चालत नव्हता. आजच्या भाषेत सांगावयाचे तर तो परदेश होता. 1820 मध्ये आप्पासाहेब अमृतसरला प्रकट झाले. कनिंगहॅमच्या शीख इतिहासात त्यांच्यापाशी बरेच द्रव्य असावे असे म्हटले आहे, आणि त्यांनी महाराजांना आपल्या पक्षाला वळविण्याचा यत्नही केला; परंतु इंग्रजांशी सख्य राखून आपले राज्य वाढविणे हेच ज्याचे धोरण होते त्या रणजितसिंहाने त्यांना मुलूख सोडण्याचा हुकूम दिला.

ते पहाडात वळले, कांगड्याच्या संसारचंद कटोचाकडे. चित्रकलेचा हा थोर आश्रयदाता स्वतःच तेव्हा उतरणीला लागलेला होता, कांगड्याचा किल्ला रणजितसिंहाला देऊन सुजानपूर-टीऱ्याच्या बाजूला दिवस काढीत होता. त्याच 1820 सालच्या उन्हाळ्यात विल्यम मूरक्रॉफ्ट हा कंपनीचा अश्ववैद्य घोड्यांच्या शोधार्थ मंडी, कुलू, लाहौल, लेह असा मार्ग आक्रमीत असता संसारचंदाचा पाहुणा झाला होता. एकाच डोंगराळ मुलुखात एक प्रवासी व्यापारी माल, नोकरचाकर आणि रोजनिशी घेऊन उघडपणे हिंडत होता, आणि दुसऱ्याला आपले नाव सांगणेही जोखमीचे होते. मूरक्रॉफ्टचे प्रवासवर्णन जगाने वाचले. त्याच घाटांनी चाललेल्या मराठी माणसाचे काही ओळींतच आटोपले.

कांगड्यात असताना आप्पासाहेबांच्या डोक्यात एक विलक्षण मसलत शिरली. काबूलचा पदच्युत आणि अंध केलेला बादशहा शाह जमान लुधियान्यास कंपनीच्या आश्रयाला होता. त्याचा मुलगा शहाजादा हैदर याच्याशी संधान बांधून सतलजच्या दक्षिणेचा आणि पूर्वेचा सारा हिंदुस्थान जिंकावयाचा, दिल्लीपासून कन्याकुमारीपर्यंत दुराणी बादशहा, वजीर आप्पासाहेब, आणि दख्खन त्यांच्याकडे मांडलिकीने, असा तो बेत. पंजाबला त्यात हात लावलेला नव्हता, यावरून बेत करणारे अगदीच बेभान नव्हते असे दिसते. कनिंगहॅमने याला निरर्थक मनोराज्य म्हटले. मला मात्र त्यात पानिपताच्या साठ वर्षांनंतर एक भोसला आणि एक अब्दालीचा पणतू, दोघेही राज्य हरवलेले, एकमेकांचा आधार शोधताना दिसतात, आणि तो देखावा हसण्याजोगा वाटत नाही. बातमी फुटताच संसारचंदाने पाहुण्याला निरोप दिला.

1822 मध्ये ते मंडीला आले. बियासच्या काठचे हे लहानसे राज्य लाहोरचे मांडलिक होते. राजा होता ईश्वरीसेन. हा ईश्वरीसेन बालवयात गादीवर आला आणि संसारचंदाने त्याला पकडून नादौनला बारा वर्षे कैदेत ठेवले. गुरख्यांनी कांगड्यावर चाल केली तेव्हाच त्याची सुटका झाली. कैद ज्याने भोगली त्याच्या राज्यात पळालेल्या कैद्याला बराच काळ थारा मिळाला. ईश्वरीसेन 1826 मध्ये वारला, भाऊ जालिमसेन गादीवर आला, तरी 1828 च्या सुमारास पुन्हा अमृतसरकडे उतरेपर्यंत त्यांचे बिऱ्हाड त्या पहाडातच होते. पुण्या-मुंबईची मुले आता पाठीवर भरगच्च पिशव्या घेऊन मंडीच्या वरच्या पराशर सरोवराला जातात. बर्फाच्या धारा दिसणाऱ्या त्या मुलुखात कधीकाळी नागपूरचा एक राजा राहून गेला, ही गोष्ट त्यांना वाटेत कोणीतरी सांगावी असे मला फार वाटते.

अमृतसरकडे उतरल्यानंतर पुढच्या वर्षी आप्पासाहेबांनी पंजाब सोडला आणि ते जोधपूरला गेले. हे पाऊल धाडसाचे होते, कारण 1818 च्या तहाने मारवाड कंपनीचे मांडलिक झाले होते. रेसिडेन्सीने कैद्याची मागणी केली. महाराजा मानसिंह नाथपंथाचा निस्सीम भक्त, आणि पाहुणा उतरला होता नाथांच्या महामंदिरात, जेथे शरण आलेल्यावर हात टाकता येत नाही अशी मर्यादा होती. मानसिंहाने नकार दिला; अखेर त्याने जामीनकी पत्करावी आणि पाहुण्याला तेथेच सांभाळावे यावर कंपनीने समाधान मानले. रणजितसिंहाची लक्षावधींची दौलत जे करू शकली नाही किंवा करू इच्छीत नव्हती, ते कर्जात बुडालेल्या आणि सरदारांशी भांडणाऱ्या मानसिंहाने केले, चैनशाहा नि मोहनसिंगासारख्या रानातल्या धन्यांनी केले. आप्पासाहेबांच्या चारित्र्याचा निवाडा काहीही होवो, त्यांच्या पायपिटीने या माणसांची पारख आपोआप होऊन गेली. 1840 मध्ये जोधपुरातच त्यांचा अंत झाला. आणि तरीही 1849 मध्ये वऱ्हाडात एक तोतया आप्पासाहेब म्हणून उभा राहिला तेव्हा त्याच्यामागे जाणारी माणसे निघाली. त्यानंतर पाच वर्षांत नागपूरचे राज्यच खालसा झाले.

या साऱ्या हकिकतीचे आपल्याला उपलब्ध असलेले पुष्कळसे धागे कंपनीच्या अंमलदारांनी, म्हणजे पाठलाग करणाऱ्यांनी, ठेवलेले आहेत. जेंकिन्स, प्रिन्सेप, माल्कम यांच्या लेखनात आप्पासाहेब नेहमी पाठमोरे दिसतात. परंतु रणजितसिंहाच्या दरबाराची फारसी रोजनिशी, सोहनलाल सुरीची ‘उम्दत-उत-तवारीख’, छापलेली आहे. मारवाड दरबाराच्या हकीकत बह्या बिकानेरच्या अभिलेखागारात आहेत. नागपूरच्या एखाद्या तरुण संशोधकाने मोडीबरोबर फारसी आणि मारवाडी शिकून या दप्तरांत दोन-तीन वर्षे बसावे, आणि बसण्यापूर्वी पचमढीहून हरईपर्यंत व नादौनहून मंडीपर्यंतची वाट एकदा पायांनी चालून यावी, जमल्यास पावसाळ्यात.