समोरचा वारा: वेगाकडे नको, श्वासाकडे पाहा

नेदरलँड्समधील एका सायकल शर्यतीची तारीख वादळ ठरवते. झीलंड प्रांतात ओस्टरस्खेल्डेच्या मुखाशी समुद्राचे उधाण अडवणारा प्रचंड बंधारा आहे. त्यावरील रस्त्याने साडेआठ किलोमीटर सायकल चालवायची, तीही वारा तोंडावर घेत. वाऱ्याचा जोर बोफर्ट मापनश्रेणीवर किमान ७, म्हणजे ताशी ५० किलोमीटर किंवा त्याहून अधिक असेल, तरच २०१३ पासूनची ही स्पर्धा घेतली जाते. सायकली सर्वांना सारख्या: साध्या, ताठ बसायच्या, एकाच गिअरच्या. रस्ता सपाट, तरीही घाट चढावा तसे स्पर्धक धापा टाकतात.

याचे कारण साध्या गणितात आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा पडलेला असताना ताशी ३० किलोमीटरने जाणाऱ्या सायकलस्वाराला समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा लागला, तर त्याच्या अंगावर येणाऱ्या हवेचा वेग ५० होतो आणि विरोध जवळजवळ पावणेतीन पट. तोच वेग टिकवायचा तर हवेसाठी लागणारी ताकदही पावणेतीन पट हवी. ती फार वेळ कोणाच्याच पायात नसते.

‘येताना वारा पाठीशी असेल, तेव्हा भरपाई होईल’ हा हिशेबही फसवा आहे. केवळ हवेचा विरोध धरला आणि ताकद तेवढीच ठेवली, तर वरच्या उदाहरणातील सायकलस्वार जाताना साधारण १८ आणि येताना ४५ च्या वेगाने चालेल. जाऊन-येऊन ६० किलोमीटरला एरवी २ तास लागले असते. आता सुमारे २ तास १८ मिनिटे लागतील. कारण वाऱ्याविरुद्धच्या संथ वाटेवर वेळच जास्त जातो.

म्हणून अनुभवी स्पर्धक वाऱ्यात वेग सोडतात आणि श्रम एकसारखे ठेवतात. हलका गिअर घेऊन पाय भरभर फिरवतात. कोपरे वाकवून, खांदे आवळून वाऱ्याला अंग कमी देतात. गटाच्या शर्यतीत तर दुसऱ्याच्या आडोशाला राहणे हीच मोठी युक्ती. आइंडहोव्हन विद्यापीठातील बर्ट ब्लोकेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या दाट घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्याच्या मध्यापासून मागच्या बाजूला हवेचा विरोध एकट्याच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतो, असे त्यात दिसले. चार-सहा जणांच्या गटात एवढा लाभ मिळत नाही, पण आळीपाळीने पुढे राहिल्यास प्रत्येकाला विसावा मिळतो. मात्र पुढच्याच्या चाकाला चिकटून जाण्याचा सराव नसेल आणि वारा झोताझोताने येत असेल, तर अंतर ठेवावे. पडून हाड मोडण्यापेक्षा उशिरा पोहोचणे परवडते.

शरीराचा हिशेब वेगळा. जोराच्या श्रमात स्नायू त्यांच्यातील साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, झपाट्याने वापरतात. नेहमीच्या अंतराला वाऱ्यामुळे जास्त वेळ लागला, की साठा वाटेतच संपत येतो आणि पाय अचानक गळून जातात. तासाभराहून लांबच्या शर्यतीत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. मध्यम आकाराच्या एका केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. भूक लागायची वाट पाहू नये. वाऱ्यात घाम चटकन वाळतो, त्यामुळे पाणी किती गेले ते कळत नाही. उलट पाठीमागून ताशी २० चा वारा असताना सायकलही २० ने चालली, तर अंगाला वारा जवळजवळ लागतच नाही आणि उन्हात अंग तापते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी लांब पल्ल्याआधी डॉक्टरांशी बोलून आहार व औषधांचे वेळापत्रक ठरवावे.

श्रमाचा अंदाज घ्यायला महागडे यंत्र लागत नाही. सायकल चालवताना एक पूर्ण वाक्य बोलता येते का, ते पाहावे. दोन-तीन शब्दांवरच श्वास तुटत असेल, तर शर्यत बरीच उरलेली असताना गिअर उतरवावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट हृदयाची. चढावर, जेवणानंतर, थंडीत किंवा वाऱ्याविरुद्ध चालताना छातीत दाटून येते, ही अरुंद झालेल्या हृदयवाहिन्यांची जुनी, ओळखीची खूण आहे. वाऱ्यात सायकल चालवणे ही हृदयाची तशीच परीक्षा असते. चाळिशीनंतर सायकलकडे वळलेल्यांची इथे फसगत होते. छातीवर दडपण येते, डावा हात किंवा जबडा भरून येतो, दम नेहमीपेक्षा जास्त लागतो. थोडे थांबले की बरे वाटते, आणि ‘आज वाराच फार होता’ असे म्हणून विषय मिटतो. थांबल्यावर बरे वाटणे हीच त्या दुखण्याची रीत आहे. असे एकदा जरी झाले, तरी शर्यत तिथेच सोडावी आणि पुन्हा सायकलवर बसण्याआधी तपासणी करून घ्यावी. थांबूनही काही मिनिटांत दडपण गेले नाही, घाम सुटला किंवा चक्कर आली, तर सायकल रस्त्याकडेला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वारा उद्या पडेल, शर्यत पुन्हा होईल. छातीतले दुखणे मात्र वाऱ्याच्या नावावर खपवू नये.