वर्ध्याजवळच्या आंजी गावातल्या घरचा आठवडा : पाच रात्री, पाच जेवणं

दिवसभराच्या कामानंतर ‘आज काय करू?’ या प्रश्नापाशी अडलं की पावलं बाहेरच्या नाश्त्याकडे वळतात. बाजाराच्या दिवशीच बेत ठरवला, तर पैसा वाचतो आणि ताटही चांगलं राहतं.

सोमवार : डाळभाजी. तुरीची डाळ, पालक, मूठभर शेंगदाणे, सोबत भात.
मंगळवार : झुणका-भाकर, कांदा, हिरवी मिरची.
बुधवार : आलू-वांग्याची रस्साभाजी, पोळी.
गुरुवार : गोळाभात.
शुक्रवार : डाळकांदा, भाकर. चणाडाळ सकाळीच भिजत घालावी.

गोळाभात असा करा : चणाडाळीच्या भरड्यात तिखट, मीठ, हळद, ओवा आणि तेलाचं मोहन घालून घट्ट गोळे वळावेत. भात अर्धवट शिजला की ते त्यावर ठेवून झाकण लावावं. भात आणि गोळे एकाच वाफेवर शिजतात. वाढताना गोळा कुस्करून वर लसूण-लाल मिरचीची कडकडीत फोडणी घालावी. एका भांड्यात सगळ्यांचं जेवण होतं.

पोषण : 100 ग्रॅम कोरड्या तूर किंवा चणाडाळीत 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात.

वर्ध्याचा वारसा : 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीत गांधीजींनी हातसडीचा तांदूळ, पालेभाज्या आणि सोयाबीन यांचा आहारात आग्रह धरला. स्वस्त आणि सकस अन्न गावातच मिळतं, हा विचार या मातीत तेव्हापासून रुजलेला आहे.

लक्षात ठेवा : पालेभाजी आधी संपवा, वांगी, आलू, कांदे नंतरच्या दिवसांसाठी ठेवा.